फोटोंच्या पाठीवरची नावे

निवृत्त होऊन काही वर्षे झाली, तरी मिरकरवाड्यात मासळी घ्यायला गेलो की एखादी तरी बाई पाटीमागून हाक मारतेच, "सायेब, आमचे फोटू बरे हायत ना?" मी मान डोलावतो आणि ते प्रकरण पुन्हा पहिल्यापासून डोळ्यांसमोर उभे राहते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांतल्या निम्म्या गुन्ह्यांचा तपशील आता आठवत नाही. खोकाभर जुन्या फोटोंच्या चोरीचा तपास मात्र विसरता येत नाही. संबंधित मंडळी अजून याच गावात राहतात, म्हणून कोणाचेही नाव घेत नाही.

मी मूळचा घाटावरचा. रत्नागिरीला बदली झाली तेव्हा इथल्या पावसाने मला पहिला धडा दिला तो कागदांचा. ठाण्यात दोषारोपपत्रे मऊ पडायची, शिक्के पसरायचे, कपाटातल्या फायलींवर हिरवट बुरशी धरायची. अशाच आषाढातल्या एका सकाळी ठाणे अंमलदार माझ्या खोलीत डोकावले. म्हणाले, "साहेब, एक म्हातारे आणि त्यांची मुलगी आलीय. जुने फोटो चोरीला गेलेत म्हणतात. अर्ज घेऊन ठेवू का?"

'अर्ज घेऊन ठेवू का' याचा ठाण्यातला अर्थ, पाठवून देऊ का, असा असतो. मी म्हटले, "आत पाठवा."

मुलगी शाळेत शिक्षिका होती. वडिलांना गावात सगळे तात्या म्हणत. उंच, शिडशिडीत, जाड चष्मा, आणि स्वभाव तिखट. जन्मभर व्यापारी जहाजांवर वायरलेसचे काम केलेले. परदेशातल्या कुठल्याशा बंदरात कॅमेरा घेतला होता, आणि दर सुट्टीत घरी आले की मिरकरवाड्याचे फोटो काढायचे. होड्या ओढणारी माणसे, जाळी शिवणारे म्हातारे, लिलावात आवाज चढवणाऱ्या बाया, बर्फाच्या लाद्या वाहणारे हमाल. घरातल्या न्हाणीघरात काळोख करून प्रिंटही स्वतःच काढत.

ठाणे अंमलदारांनी लिहायला घेतले, "जुने काळे-पांढरे फोटो, एक खोका."

"काळे-पांढरे म्हणजे वर्णन झालं होय?" तात्या कडाडले. "तुमचं वर्णन 'खाकी' एवढंच लिहिलं तर चालेल काय?"

अंमलदारांचा चेहरा बघण्यासारखा झाला. मुलीने वडिलांच्या हातावर हात ठेवला आणि खरी अडचण तिने सांगितली. तात्यांच्या डोळ्यांचा पडदा सुकत चालला होता. समोरचे नेमके मधले दिसत नसे, कडेचे थोडे दिसे, आणि तेही कमी होत होते. मिरजेच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते, जे काही डोळ्यांनी करायचे राहिले असेल ते आता करून घ्या. तेव्हापासून तात्या एकेक फोटो काढून त्याच्या मागे त्यातल्या माणसांची नावे लिहीत होते आणि खाली सही करत होते. काम निम्मे झाले होते. निगेटिव्ह दमट हवेत बुरशी लागून एकमेकांना चिकटून कधीच गेल्या होत्या. प्रिंट होते तेवढेच.

"फोटोतलं माणूस कोण, ते माझ्याशिवाय आता कुणाला ठाऊक नाही," तात्या म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "मी आंधळा झालो की ती सगळी नुसती 'एक कोळी' नि 'एक बाई' होणार. साहेब, दिवाळीपर्यंत माझी नजर जाईल. त्यानंतर फोटो मिळाले काय नि नाही मिळाले काय, सारखंच."

मी फिर्याद लिहून घ्यायला सांगितली.

पंचनाम्याला मी स्वतः गेलो. तपासणीसाठी बापलेक मिरजेला गेले असताना चोरी झाली होती. कडीकोयंडा शाबूत, कुलूप शाबूत. चावी कुठे ठेवून गेला होता, असे विचारल्यावर मुलीने पडवीतला कोनाडा दाखवला. कोकणात घराची चावी कोनाड्यात असते आणि ती तिथे असते हे साऱ्या आळीला ठाऊक असते. टीव्ही जागेवर, कपाट जागेवर. नेला तो फक्त खोका. म्हणजे खोक्यात काय आहे हे जाणणारा माणूस होता, एवढे पहिल्याच दिवशी कळले.

खिडकीजवळच्या टेबलावर तात्यांचे काम जसेच्या तसे मांडलेले होते. एक स्वच्छ काच, मऊ शिशाच्या पेन्सिली, सुती हातमोजे, आणि पांढऱ्या कागदांची चळत. नाव न लिहिलेले चार-दोन प्रिंट चोराच्या नजरेतून सुटून तिथेच राहिले होते. आमच्या हवालदारांनी त्यातला एक उचलला. अंगठा बरोबर फोटोच्या मधोमध.

"सोडा! कडेनं धरा, कडेनं!" तात्यांना तो अंगठा कसा दिसला देव जाणे. "तुमच्या बोटाचं तेल त्याच्यावर जन्मभर राहील."

"पोलिसांना बोटाचे ठसे शिकवताय, तात्या?" हवालदार हसत म्हणाले, पण त्यांनी प्रिंट कडेने धरला.

मग आम्हाला ते सारे शास्त्र ऐकावे लागले. लिहायचे ते फोटोच्या पाठीवर, तेही कडेच्या पट्टीत, चेहऱ्यांच्या मागे नाही. खाली काच ठेवायची, म्हणजे कागद दबत नाही. हात हलका ठेवायचा. बॉलपेन वापरले तर अक्षरांचे वळ पुढे उमटतात, साधी शाई पसरते, चिकटपट्टीचा डिंक काही वर्षांनी पिवळा होऊन कागदात उतरतो. या कागदांवर प्लास्टिकचा पातळ थर असतो, शाई आत मुरत नाही. म्हणून मऊ पेन्सिल. प्रत्येक दोन फोटोंच्या मध्ये आम्लविरहित कागद, आणि खोकासुद्धा तसल्याच पुठ्ठ्याचा, मुंबईहून मागवलेला.

"पण पेन्सिल खोडता येते," मी पोलिसी बुद्धीने म्हणालो.

"येते ना. मग चोराच्या भीतीनं मी माझाच फोटो नासवू?"

मी हवालदारांना पंचनाम्यात 'मऊ पेन्सिल' असे लिहायला सांगितले.

तपास सुरू झाला आणि लगेच अडकला. येणारे-जाणारे, शेजारी, भंगारवाले, जुन्या वस्तू विकणारे, सगळ्यांचे जबाब झाले. हाती काही लागले नाही. तात्यांची मुलगी शाळा सुटली की ठाण्यात यायची, काही विचारायची नाही, बाकावर थोडा वेळ बसून जायची. लोक भांडून जातात त्याचे आम्हाला काही वाटत नाही. ते गप्प बसणे मात्र मला टोचायचे.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पुन्हा पाण्यात गेल्या, आणि एके दिवशी मिरकरवाड्यातली एक मासेवाली मावशी रिकामी पाटी घेऊन थेट माझ्या खोलीत आली. दारावरच्या शिपायाला तिने जुमानले नव्हते.

"सायबानू, माजी आवस तकडं भितीवर टांगलीय!"

मी म्हटले, "मावशी, बसा. तुमची आई? कुठे, कुणी टांगलीय, नीट सांगा."

ती मालगुंडच्या पुढे नव्याने सुरू झालेल्या एका रिसॉर्टला मासळी पोचवायची. एरवी मागच्या दाराने जायची, त्या दिवशी पावसामुळे पुढून आत गेली. तिथे मोठ्या दालनात भिंतीभर जुने फोटो लावले होते. "लिलावाचा फोटू. मदी उबी ती माजी आवस. असा हात वर करून. मी बगितला नि पाटीच खाली ठेवली. आवस जाऊन किती वरसं झाली, घरात येक फोटू नाय तिचा. तो काडला तवा मी तिच्या पदराला धरून व्हतंय. काडणारे तात्याच. त्यांनी मना गोळी दिलेली."

तात्यांना आणि त्यांच्या मुलीला गाडीत घेतले, दोन पंच घेतले आणि निघालो. रिसॉर्टचा व्यवस्थापक पोलीस बघून घाबरला. प्रत्येक फोटोखाली पितळी पट्टी होती आणि त्यावर आमच्याच गावातल्या एका स्टुडिओवाल्याचे नाव, 'छायाचित्रकार' म्हणून. मला धक्का बसला. हा माणूस आमच्या ठाण्याचे सगळे कार्यक्रम टिपायचा. माझ्या घरी लावलेला माझा गणवेशातला फोटो त्यानेच काढलेला होता.

चौकटी उघडल्या. प्रत्येक प्रिंटच्या मागे, ऐन मध्यावर, निळ्या शाईत त्याची ऐटदार सही. पेन्सिलीचे नाव कुठेच नव्हते.

आता आमची पद्धत अशी, की जप्त केलेल्या वस्तूवर पंचांच्या सह्यांची चिठ्ठी डकवायची. हवालदारांनी सवयीने डिंकाची बाटली काढली, एका पंचाने खिशातले बॉलपेन काढले. तात्यांनी काठी टेबलावर अशी आपटली की व्यवस्थापक उडालाच.

"चोरानं एकदा सही केली, आता तुम्ही सगळे करा! साक्षीपुराव्यासाठी मारून टाका एकदाचे!"

पंच म्हणाले, "मग आम्ही सही करायची कुठं?" प्रश्न रास्त होता. शेवटी कागदी लिफाफे मागवले. आधी लिफाफ्यावर वर्णन आणि सह्या, शाई वाळू द्यायची, मग प्रिंट आत, आणि मग लिफाफ्याला लाखेचे सील. नियमही पाळला गेला, फोटोही वाचले. पुढे माझ्या हाताखालच्या प्रत्येक ठाण्यात नाजूक मुद्देमालाला मी हीच पद्धत लावली.

त्याच दिवशी स्टुडिओची झडती घेतली. उरलेले फोटो कपाटात सापडले, वर्तमानपत्रात गुंडाळून रबरबँड लावलेले. तात्यांचा मुंबईचा खोका त्याने फेकून दिला होता.

स्टुडिओवाला चौकशीला आला तो इस्त्रीच्या शर्टात, हसतमुख. माझी विचारपूस केली, चहाही मागितला. म्हणाला, "साहेब, हे फोटो माझ्या वडिलांनी नि मी मिळून काढलेत. तात्यांचं वय झालंय, नजर गेलीय, त्यांचा गैरसमज झालाय. प्रत्येकावर माझी सही आहे, तुम्हीच बघा."

इथेच खरी पंचाईत होती. सही खोटी असती तर हस्ताक्षर तज्ज्ञाकडे पाठवून मोकळा झालो असतो. सही अस्सल होती, त्याचीच होती. फोटो तेवढा त्याचा नव्हता.

खोटे बोलणाऱ्याला मी कधी अडवत नाही. त्याला भरपूर बोलू देतो आणि सगळे लिहून घेतो. मी विचारले, "सह्या कधी केल्या?"

"जेव्हाचा प्रिंट तेव्हाच. शिडाच्या होड्यांच्या काळातले असतील तर तेव्हा, ट्रॉलर आले तेव्हाचे असतील तर तेव्हा. वडिलांची शिस्तच होती तशी."

लिहून घेतले. मग लिलावाचा फोटो पुढे केला. "ही बाई कोण?"

"एक कोळीण."

"हा जाळंवाला?"

"असेल कोणीतरी. साहेब, एवढी नावं कोण लक्षात ठेवतं?"

मला तेव्हाच खात्री पटली. पण खात्री न्यायालयात दाखल करता येत नाही. जबाबावर सही घेतली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर राहायला सांगून त्याला जाऊ दिले.

दुसऱ्या दिवशी ओळख पटवण्यासाठी तात्यांना बोलावले. ठाण्यातल्या खिडकीजवळ पांढरे कापड अंथरून पंचांसमोर एकेक प्रिंट त्यांच्यापुढे ठेवत होतो. कोंबडी दाण्याकडे बघते तशी मान वाकडी करून, भिंग डोळ्याच्या कडेला लावून ते बघायचे आणि नाव सांगायचे. एका ट्रॉलरच्या फोटोवर ते थबकले.

"आभाळात हे काय आहे? डाग?"

"बुरशी असेल, तात्या," मुलगी म्हणाली.

"बुरशी निळी नसते. ही शाई आहे."

मी वाकून पाहिले. आभाळाच्या करड्या भागात फिकट निळ्या रेघांची गुंतवळ होती. ओळखीची वाटत होती, पण वाचता येत नव्हती. आमच्या महिला शिपायाने पर्समधला छोटा आरसा पुढे केला. आरशात ती रेघ सरळ झाली, आणि स्टुडिओवाल्याची ऐटदार सही स्पष्ट वाचता आली.

तात्या खुर्चीतच हसायला लागले. "गाढवानं ओल्याच ठेवल्या एकावर एक! अरे, प्लास्टिकच्या कागदावर जेलपेन, तेही रत्नागिरीच्या पावसात! वाळणार कधी?"

मग आम्ही बाकीचे प्रिंट तपासले. अनेकांच्या तोंडावर असा उलटा ठसा होता, वर ठेवलेल्या फोटोच्या पाठीवरच्या सहीचा. सह्यांची वळणे थोडी थोडी वेगळी असतात, त्यामुळे कुठला ठसा कुठल्या सहीचा, हे जुळवता आले. आणि ट्रॉलरवर उमटलेली सही होती शिडाच्या होडीच्या प्रिंटमागची. त्याच्याच जबाबाप्रमाणे ती सही त्याने ऐन तारुण्यात केलेली. मग कित्येक वर्षांनंतर निघालेल्या फोटोवर ती ओली कशी पडली? सगळ्या सह्या एकाच बैठकीत झाल्या होत्या, आणि अलीकडेच.

त्याला आत बोलावले. कापडावर दोन प्रिंट शेजारी ठेवले, वर आरसा धरला, आणि आदल्या दिवशीचा जबाब त्याला वाचून दाखवला. आवाज चढवायची गरज पडली नाही. त्याने आरशात आपली सही वाचली. मग पाणी मागितले.

"मी त्यांना कितीदा म्हटलं होतं, प्रदर्शन करू," तो म्हणाला. "ते कुणाला हातसुद्धा लावू द्यायचे नाहीत. खोक्यातच राहिले असते सगळे. मी ते भिंतीवर आणले. जन्मभर लग्नं आणि मुंजी टिपल्या, साहेब. एकदा तरी लोकांनी थांबून माझं नाव वाचावं असं वाटलं."

मला त्याची कीव आली हे कबूल करतो. त्याच्या बोलण्यात थोडे खरेही होते. पण भिंतीवर नाव लागावे म्हणून त्याने इतक्या माणसांची नावे खोडरबराने पुसली होती, आणि पुसताना एकही वाचले नव्हते.

तात्या शेजारी बसून ऐकत होते. मला वाटले, आता काठी उगारतात. त्यांनी एवढेच विचारले, "खोडलंस कशानं?"

"साध्या खोडरबरानं."

"घासून की हलक्या हातानं?"

"हलक्या हातानं, तात्या."

"बरं केलंस," तात्या म्हणाले, आणि तोंड फिरवले.

गुन्हा उघडकीस आला, ठाण्यात पेढे वाटले गेले. पण तात्यांची घाई संपलेली नव्हती. मुद्देमाल एकदा मुद्देमाल कक्षात गेला की खटल्याचा निकाल लागेपर्यंत तिथेच राहतो. आमच्या त्या खोलीला एक गळका कोपरा होता आणि उंदरांना तिथे ये-जा करायला जामीन लागत नव्हता. मी त्याच आठवड्यात न्यायालयात अहवाल दिला. प्रत्येक प्रिंटची पुढून-मागून छायाचित्रे पंचांसमक्ष काढून घेतली आणि मूळ प्रिंट सुपूर्दनाम्यावर, म्हणजे न्यायालय मागेल तेव्हा हजर करण्याच्या हमीवर, फिर्यादीला देण्याबाबत विनंती केली. न्यायाधीशांनी तात्यांना पुढे बोलावून विचारले, "इतकी घाई कशासाठी?"

"साहेब, तुमचा चेहरा मला आत्ताच दिसत नाही," तात्या म्हणाले. "कडेला बसलेले वकील तेवढे दिसतात."

न्यायालयात हशा पिकला. अर्ज मंजूर झाला. पुढे स्टुडिओवाल्याने न्यायालयातही गुन्हा कबूल केला.

गणपती गेल्यानंतर समुद्रात वादळ उठले आणि होड्या बंदरात अडकल्या. त्या दिवसांत तात्यांच्या पडवीत मिरकरवाडा लोटला. मासेवाल्या मावशीनेच सगळ्यांना आणले होते. टेबल, काच, नवे कागद, नवा खोका. दाराशी बादली आणि साबण, हात धुतल्याशिवाय पुढे प्रवेश नाही. हवालदार गणवेशात उभे राहून प्रत्येकाला बजावत होते, "कडेनं धरायचा, कडेनं!" तात्यांपेक्षा त्यांचाच दरारा जास्त होता.

एकेक फोटो पुढे आला की वाद रंगे. एकजण म्हणे, हा माझा आजा. तात्या मान वाकडी करून बघत आणि म्हणत, "आजा नव्हे, त्याचा धाकटा भाऊ. आज्याचा कान फाटका होता." मागून कोणी म्हातारी दुजोरा देई आणि मगच पेन्सिल चाले. जे मुंबईला गेले, जे समुद्रात गेले, ज्यांच्या घरात कोणी उरले नाही, तेही नावानिशी खोक्यात जाऊ लागले. मावशीने आईचे नाव स्वतः लिहिले. काच खाली, हात हलका, जीभ दातात धरून. लिहून झाल्यावर तिने ते नाव मोठ्याने वाचले आणि मग रडली. मीही डोळे पुसले. गणवेशात होतो, पण पुसले.

आम्ही पोलीस जन्मभर नावे लिहितो. आरोपीचे, मयताचे, बेपत्ता माणसाचे. लिहिताना पेन दाबून चालवायचे, म्हणजे खालच्या तिन्ही प्रतींवर उठते, हीच आमची शिकवण. या प्रकरणाने मला उलटे काहीतरी शिकवले. माणसाचे नाव टिकवायचे तर ते दाबून लिहिण्यापेक्षा सांभाळून ठेवावे लागते, आणि सांभाळणारे चारचौघे असावे लागतात. एकट्याच्या खोक्यातून ते कोणीही नेऊ शकतो. तात्यांनाही हे उमगले असावे, कारण पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी आपणहून मिरकरवाड्यात प्रदर्शन भरवले. निळे डाग पडलेले फोटोही तसेच लावले.

पडवीतल्या त्या बैठकीत, वादळ ओसरले त्या दिवशी, शेवटचे प्रिंट उरले होते. तोवर तात्यांना कडेचेही फारसे दिसेना. नावे मुलगी लिहीत होती, सही मात्र ते कोणाला करू देत नव्हते. शेवटच्या फोटोवर त्यांनी डाव्या बोटाने कड चाचपली, पेन्सिल टेकवली आणि सही केली. मग माझ्या दिशेने तोंड करून विचारले,

"साहेब, सरळ आली काय?"

खोटे बोलणे मला सहज जमले असते. पण त्या माणसापुढे धीर झाला नाही. "नाही तात्या. तिरकी गेली. खाली उतरलीय."

तात्यांनी पेन्सिल खाली ठेवली, मुलीला वर पांढरा कागद घालायला सांगितले आणि खुर्चीत मागे रेलले.

"असू दे तिरकी," ते म्हणाले. "वेळेत झाली ना?"